बॉनेटवरचं कुंकू

आमच्या इमारतीत कुणी नवी गाडी घेतली की आठवड्याभरात माझ्या दाराची बेल वाजते. नऊ वर्षांची पांढरी गाडी कालच शोरूममधून आणल्यासारखी कशी दिसते, हे त्यांना जाणून घ्यायचं असतं. मी सांगतो. सांगायला मला आवडतं, आणि सांगता सांगता समोरच्याच्या गाडीतले चार दोष दाखवायला त्याहून आवडतं. उन्हात उभी असताना धुऊ नका. एका बादलीवर भागवू नका, दोन घ्या. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवा. धूळ कोरड्या फडक्यानं झटकू नका, त्या धुळीनंच रंगावर बारीक गोल चरे पडतात आणि तुम्ही कंपनीला शिव्या घालता. शेवटचं पाणी बोअरचं नको, त्याला खार असतो, वाळलं की पांढरे ठिपके राहतात. कावळ्यानं घाण केली तर संध्याकाळची वाट पाहू नका.

पूर्वी मी आणखी एक गोष्ट सांगत असे. आयुधपूजेला बॉनेटवर चंदन-कुंकू लावाल तर थेट रंगावर लावू नका, आणि लावलंच तर पूजा होताच पुसून टाका. हल्ली मी हे सांगत नाही. गेल्या वर्षी आयुधपूजेला माझ्या बायकोनं बॉनेटवर कुंकू लावलं आणि मी ते पुसलं. पुसायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यानंतर अडीच महिन्यांत ती गेली. गाडीवर आता तिच्या बोटाची एकही खूण नाही, आणि ती खूण नाही याला कारण मी आहे. मला एवढंच लिहायचं आहे, बाकीचं ओघानं येईल.

मी मूळचा मिरजेचा. पंचविशीत चेन्नईजवळ अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडं आलो आणि चौतीस वर्षं त्या एकाच कारखान्याच्या रंगविभागात काढली. दुचाकींच्या टाक्या, आरशांची कव्हरं, बंपर असलं सगळं आमच्याकडून रंगून निघायचं. माझं काम तपासणीचं. ओळीनं लावलेल्या ट्यूबलाइटखाली वस्तू फिरवून पाहायची आणि रंगात दाणा, ओघळ, खड्डा काही दिसलं की त्याभोवती पेन्सिलीनं गोल करून ती बाजूला काढायची. चांगल्या वस्तूबद्दल काही बोलायचं नसतं, ती नुसती पुढं जाते. बोलायचं ते दोषाबद्दल. एवढी वर्षं हे केल्यावर माणसाची नजर तशी होते आणि जीभही. जेवायला बसलो की पापडाचा जळका कोपरा मला आधी दिसायचा.

बायको इथलीच. तिचं घराणं तंजावरकडचं मराठी. पूर्वज कधीतरी राजांबरोबर दक्षिणेत उतरले आणि तिथलेच झाले. टी. नगरच्या एका शाळेत ती गणित शिकवायची. घरात मराठीच बोलायची, पण ती अशी की लग्नानंतर पहिले सहा महिने मी तिचं बोलणं कान देऊन ऐकायचो. 'मला'ऐवजी 'मज', 'कशाला'ऐवजी 'कशास', 'सगळे'ऐवजी 'अस्के', मध्येच तमिळ शब्द आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल. "बोलतेस की जुनी सनद वाचतेस?" असं मी विचारायचो. ती म्हणायची, "तुमच्या मिरजेंत अस्के भांडतात. आम्ही बोलतों." मी तेव्हाही भांडल्यासारखाच बोलत असायचो.

मुलगी एकच. ती बेंगळुरूला नोकरी करते. मराठी थेट आईसारखी बोलते, पण शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकली, त्यामुळं मराठी वाचता येत नाही. लहानपणी एकदा मी तिला बाराखडी शिकवायला बसलो होतो. काना सरळ का येत नाही यावरून दोन दिवसांत तिला रडवलं आणि ती शिकवणी तिथंच संपली.

गाडी घेतली तेव्हा मुलगी कॉलेजात होती. घेतल्यावर महिन्याभरातच आयुधपूजा आली. महाराष्ट्रात आपण दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो आणि मोकळे होतो. इथं आदल्या दिवशी आयुधपूजा असते आणि ती नुसत्या हारावर भागत नाही. रिक्षा, बस, शिवणयंत्र, दुकानातला तराजू, ज्याच्यावर पोट चालतं त्या सगळ्याला चंदनाचा गंध आणि त्यावर कुंकू. गाडीच्या पुढं दोन्ही बाजूंना केळीचे छोटे खुंट बांधायचे, चाकांखाली लिंबं ठेवायची, कोहळा ओवाळून रस्त्यावर फोडायचा आणि जमलेल्यांना चुरमुरे वाटायचे. आमची इमारत नुंगंबाक्कमला. गाड्या तळाशी खांबांच्या मधल्या जागेत असतात, पण बायकोनं गाडी पूर्वेकडं तोंड करून बाहेर घ्यायला लावली. न्हाऊन, केस ओलेच सोडून ती ताट घेऊन आली. उगाळलेल्या चंदनात चिमूटभर हळद, त्याचा रुपयाएवढा गंध तिनं बॉनेटच्या मधोमध काढला आणि त्यावर अनामिकेनं कुंकू टेकवलं. मी तेव्हा वाकून लिंबू चाकाखाली नीट बसलं का ते पाहत होतो.

त्या वर्षी सुट्टी सलग आली आणि गाडी दोन दिवस उन्हात तशीच उभी राहिली. कुंकवात चुना असतो, हळद असते, आणि चेन्नईच्या उन्हात बॉनेट हात भाजेल इतकं तापतं. तिसऱ्या दिवशी धुतलं तेव्हा कुंकू गेलं, पण पांढऱ्या रंगावर गुलाबी-पिवळा गोल डाग तसाच राहिला. शाम्पूनं गेला नाही. रंगात रुतलेली घाण काढायला मऊ मातीसारखा क्लेचा गोळा मिळतो, त्यानंही गेला नाही. मी असा भडकलो की दुसऱ्या मजल्यावरचे लोक गॅलरीत येऊन उभे राहिले. इतकी वर्षं मी जगाच्या रंगातले डाग शोधतोय आणि तू माझ्याच दारात डाग पाडतेस, असं काहीतरी मी बोललो. ती हातातलं ताट पुसत राहिली.

पुढचे तीन रविवार मी त्या डागामागं लागलो होतो. कंपाउंड म्हणून एक लापशी येते, तिच्यात अगदी बारीक खर असते. ती फडक्यावर घेऊन घासली की रंगावरचा पारदर्शक थर कणभर झिजतो, आणि झिजता झिजता डाग निघतो. हे काम घाईनं केलं तर रंगच जातो. मी हातानं, दमानं, दर पाच मिनिटांनी विजेरी धरून पाहत घासत होतो. तिसऱ्या रविवारी डाग दिसेनासा झाला, मग त्यावर पॉलिश आणि पॉलिशवर मेणाचा हात दिला. ती कॉफी घेऊन खाली आली आणि माझ्या पाठीमागं उभी राहून म्हणाली, "माझें कुंकू तुम्हांस इतकें सलतें होय?"

"कुंकू नाही, डाग सलतो," मी म्हणालो. मान वर न करता.

दुसऱ्या वर्षी मी तोडगा काढला. तिच्याकडं शाळेच्या वह्यांना घालायचं पातळ पारदर्शक प्लास्टिक असायचं. त्याचा तळहाताएवढा तुकडा कापून, पाण्याचा फवारा मारून मी बॉनेटवर बसवला. "आता याच्यावर लाव हवं तेवढं."

"देवास प्लास्टिकावरून पोचतें का?"

"भिंतीवरच्या फोटोला काचेवरूनच लावतेस ना? ते पोचतं, तर हेही पोचेल."

ती मोठ्यानं हसली आणि "सरी" म्हणाली. म्हणजे बरं, तमिळमध्ये. त्यानंतर दर वर्षी पूजेच्या सकाळी मी प्लास्टिक बसवायचो, ती त्यावर कुंकू लावायची, आणि पूजा आटोपली की मी तुकडा सोलून कचऱ्यात टाकायचो. सात वर्षं असं चाललं. इमारतीतल्या दोघातिघांनी माझं पाहून आपापल्या गाड्यांना प्लास्टिक लावलं. मला त्याचा अभिमान वाटायचा, काय सांगू.

गाडीशी तिचं नातं एवढंच होतं असं मात्र नाही. शेवटचं पाणी बोअरचं नको हे मी वर म्हटलं, तर आमच्याकडं ते पाणी ती जमवायची. एसीच्या नळीतून जे पाणी ठिबकतं त्यात खार नसतो. बाल्कनीत नळीखाली तिनं एक निळी बादली ठेवली होती. ती भरली की झाकण लावून बाजूला ठेवायची आणि दुसरी लावायची. रविवारी मी खाली निघालो की दारात बादली तयार. या पाण्यानं शेवटचा हात फिरवला की पुसायचीसुद्धा गरज नाही, रंगावर एक ठिपका राहत नाही. लोक मला विचारायचे, सार, म्हणजे सर, तुम्ही कुठलं पाणी वापरता. मी माझी युक्ती म्हणून सांगायचो. युक्ती तिची होती, आणि बादल्या उचलणारे हातही तिचेच.

दोन वर्षांपूर्वी तिला पोटाचा आजार निघाला. कसला ते नाव तिला आवडायचं नाही, म्हणून मीही लिहीत नाही. केमोच्या पाचव्या खेपेनंतर तिच्या बोटांची टोकं बधिर झाली. पोळी गरम आहे की गार हे कळायचं नाही, ब्लाउजचे हूक लागायचे नाहीत. खडू धरलेली बोटं ती. एकदा डाळीच्या पातेल्याला तिनं तसाच हात घातला आणि फोड आला तेव्हाच तिला कळलं. त्यानंतर पातेली मी उतरवायला लागलो आणि उतरवताना कट्टा कसा पुसायचा हेही तिला सांगायला लागलो. खोड जात नव्हती.

गेल्या वर्षीची आयुधपूजा आली तेव्हा ती तीन मजले उतरू शकेल की नाही अशी शंका होती. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत जायचं तरी दोनदा टेकावं लागायचं. ती म्हणाली, मी येणार. पातळ नेसली, कपाळाला टिकली लावली, ती तिरकी लागली. मी तिला ती सरळ करायला सांगितली, हेही मला आठवतं. मी प्लास्टिक कापायला बसलो तेव्हा ती म्हणाली, "यंदा तें नक्को. बोटास कांहीं कळत नाहीं, प्लास्टिकावरून घसरतें. यंदा गाडीसच लावतें."

मी कात्री खाली ठेवली. मग म्हणालो, "बरं. लाव." यात माझं काही मोठेपण नव्हतं. मनात मी हिशेब केला होता की पूजा संपली की लगेच पुसता येईल.

खाली इमारतीतले आठ-दहा लोक होते. सगळ्यांच्या गाड्यांची पूजा एकदमच चालते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तिचं ताट धरलं. तिनं चंदनाचा गंध लावला, तो ठीक लागला. मग अनामिका कुंकवात बुडवली आणि गंधावर टेकवली. किती जोर पडतोय ते तिला कळलं नसावं. बोट घसरलं आणि गंधापासून गाडीच्या पुढच्या दिव्याच्या दिशेनं वीतभर लांब लाल पट्टा उमटला.

माझ्या खांद्यावर फडकं होतं. गाडीजवळ असलो की ते असतंच. मी पुढं झालो, फवाऱ्याचे दोन झोत मारले, आणि गंध, कुंकू, पट्टा सगळं एका हातात पुसून काढलं. आधी ओलं, मग फडक्याची कोरडी बाजू. मग वाकून, उजेडात तिरकं पाहिलं. काही राहिलं नव्हतं. मग मी वर पाहिलं.

तिचं बोट अजून तसंच पुढं होतं, टोकाला कुंकू लागलेलं. तिनं ते पदराला पुसलं. रागावली नव्हती. म्हणाली, "बरें केलंत. डाग राहिला असता." आणि मग, "पुन्हा लावूं का?"

मी म्हणालो, "राहू दे आता. उन्हात उभी राहू नकोस."

एवढंच झालं. कोहळा फुटला, चुरमुरे वाटले गेले, मी तिला वर घेऊन आलो. संध्याकाळी मी ते फडकं धुतलं. मायक्रोफायबरची फडकी इतर कपड्यांत टाकायची नसतात, कोमट पाण्यात वेगळी धुवायची असतात, नाहीतर त्यांत तंतू अडकतात. कुंकवाचा रंग जाईपर्यंत मी तीनदा पाणी बदललं. मार्गशीर्षात, एका सकाळी नऊच्या सुमाराला, ती घरीच गेली. मुलगी तिच्या उशाशी होती आणि मी स्वयंपाकघरात तिच्यासाठी कांजी, म्हणजे तांदळाची पेज, गाळत होतो. गाळणी हातात घेऊनच मी आत आलो.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी बेंगळुरूला परत गेली. पहिल्या रविवारी सवयीनं मी सहाला उठलो, फडकी काढली आणि बाल्कनीत गेलो. निळी बादली नळीखाली काठोकाठ भरलेली होती. ते तिच्या खोलीतल्या एसीचं पाणी. शेवटचे दिवस तिच्या अंगाची आग व्हायची, थंडीच्या दिवसांतही एसी चालू असायचा, तेव्हा जमलेलं. मला ते ओतवेना. गाडीवर तर नाहीच. मी झाकण शोधलं, सापडलं नाही, कुठं ठेवायची ते तिलाच ठाऊक. मी त्यावर एक थाळी ठेवली आणि फडकी परत कपाटात ठेवून दिली.

महिनाभर मी गाडी धुतली नाही. लोकांना वाटलं, सुतकातला माणूस. रोज सकाळी मात्र मी बाल्कनीत जाऊन थाळी उचलून पाणी पाहायचो. त्यात पाहण्यासारखं काय होतं, विचारू नका. एका सकाळी डेंग्यूच्या डासांची तपासणी करणाऱ्या बाई आल्या. त्या दर काही दिवसांनी येतात, कुंड्यांच्या बशा, फ्रिजच्या मागचं पाणी सगळं पाहतात. मी दार उघडलं आणि त्यांच्यासाठी प्यायचं पाणी आणायला वळलो. परत आलो तेव्हा त्यांनी थाळी बाजूला ठेवून बादली आडवी केली होती. "सार, आठवड्यावरचं पाणी ठेवू नका, त्यात अळ्या होतात," त्या तमिळमध्ये म्हणाल्या आणि वहीत टिंब करून पुढच्या दारी गेल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पाणी बाल्कनीच्या मोरीतून खाली गेलं. मी तिथंच फरशीवर बसलो आणि हमसून रडलो. ती गेली त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो.

त्यानंतर मला ते खूळ लागलं. गाडीवर तिचं काहीतरी राहिलं असेल, हे खूळ. मी विजेरी घेऊन खाली जायचो आणि बॉनेट तिरक्या उजेडात पाहायचो. गेल्या वर्षीचा पट्टा जिथं उमटला होता त्या वीतभर जागेवर नाक टेकवून पाहिलं. कपाटातली वीसच्या वीस फडकी काढून खिडकीशी धरली. सगळी निळी, सगळी स्वच्छ. त्यातलं ते कुठलं होतं हेसुद्धा ओळखता येईना. सात वर्षांचे प्लास्टिकचे सात तुकडे, त्यांवर तिच्या बोटाचे सात ठसे, ते मी स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकले होते. मला माझ्याच कामाची चीड आली. इतकं स्वच्छ करायला कुणी सांगितलं होतं?

उन्हाळ्यात मी स्कूटरवरून अंबत्तूरला गेलो. कारखान्यात माझ्या हाताखाली असलेला माणूस आता विभागाचा प्रमुख आहे. त्याच्याकडं रंगाची जाडी मोजायचं यंत्र मागितलं. मुठीत मावतं ते, पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती जाड आहे त्याचा आकडा दाखवतं. "सार, गाडी विकताय का?" त्यानं विचारलं, कारण जुनी गाडी घेणारे लोक असं मोजून पाहतात. मी हो म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो?

घरी येऊन बॉनेटवर यंत्र टेकवलं. एकशे अठरा. बोटभर सरकवलं, एकशे सतरा. पुन्हा एकशे अठरा. मग मधोमध आलो आणि आकडा पडला. एकशे नऊ. इकडून तिकडून टेकवून पाहिलं, रुपयाहून थोडी मोठी जागा, तिथंच तेवढा थर कमी. नऊ वर्षांपूर्वी तीन रविवार घासून मी जो डाग काढला, ती जागा. माझा राग तिथं अजून होता, मोजता येत होता. मग मी त्या जागेपासून दिव्याच्या दिशेनं वीतभर सरकत गेलो, जिथं गेल्या वर्षी तिचं बोट घसरलं होतं. एकशे अठरा, एकशे अठरा, एकशे सतरा, एकशे अठरा. तिथं काहीच नव्हतं. ओलं असतानाच पुसलं होतं ना, घासावं लागलंच नाही. यंत्र दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिलं.

या वर्षी आयुधपूजेला मुलगी दोन दिवस रजा घेऊन आली. वर्ष झालेलं नाही, यंदा करायची नसते असं कुणीतरी म्हणालं. ती म्हणाली, "अम्मांची गाडीची पूजा मी चुकवणार नाहीं." सकाळी मी आंघोळ करून आलो तर ती जेवणाच्या टेबलाशी बसून कात्रीनं प्लास्टिक कापत होती. तळहाताएवढा तुकडा, चारी कोपरे गोल केलेले, म्हणजे माझ्यासारख्या माणसाला नावं ठेवायला जागा नको.

"ते राहू दे," मी म्हणालो.

"डाग पडेल, अप्पा."

"पडू दे."

तिनं तुकडा टेबलावरच ठेवला. खाली गेलो. तेच लोक, त्याच गाड्या. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी ताट धरलं. मुलीनं गंध लावला, त्यावर अनामिकेनं कुंकू टेकवलं. गंध जरा पातळ झाला होता, त्याचा एक ओघळ खाली निघाला. तिचा हात आपोआप माझ्या खांद्याकडं आला, तिनं फडकं ओढलं आणि ती पुसायला वाकली. मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण तिच्या बांगडीचा वळ नंतर दुपारपर्यंत दिसत होता.

सगळे आमच्याकडं पाहत होते. मी तिला बाजूला, जिन्याशी घेऊन गेलो आणि गेल्या वर्षीचं सांगायला लागलो. सांगताना नीट सांगता येईना. अम्माचं बोट घसरलं, मी पुसलं, असं काहीतरी तुटक तुटक. तिनं मला थांबवलं. "अप्पा, मज ठाऊक आहे. अम्मांनी त्याच दुपारीं फोनवर सांगितलं होतं."

"काय सांगितलं?"

"म्हणाली, खालीं अस्के उभे होते आणि माझा हात कांपत होता. कुंकू अस्कें पसरलं. अप्पांनी झटकन पुसलं, कोणास दिसूं दिलं नाहीं. म्हणाली, तोंडानं कितीही बोलोत, आज माझी लाज राखली त्यांनी." बोलता बोलता ती हातातल्या फडक्याची घडी घालत होती. "त्या दिवशीं ती फार खूष होती, अप्पा. दोनदा सांगितलं मज."

मला तिचा हात कापताना दिसलाच नव्हता. लोक उभे आहेत हेही त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हतं. मला फक्त रंग दिसला होता, आणि रंगावरचं कुंकू. पस्तीस वर्षांच्या संसारात ज्या एका गोष्टीसाठी ती माझ्यावर इतकी खूष झाली, ती गोष्ट मी केलीच नव्हती.

मुलगी डोळे पुसत माझ्याकडं पाहत होती. "म्हणूनच पुसलंत ना?"

"हो," मी म्हणालो.

तिनं माझा हात धरला आणि आम्ही परत गाडीशी गेलो. कोहळा तिनंच फोडला.

गाडी मी पाच दिवस उन्हात तशीच ठेवली. डाग पडला आहे, गुलाबी-पिवळा, एका बाजूला ओघळ असलेला. दर रविवारी दोन बादल्या घेऊन मी गाडी धुतो आणि त्या जागेवर फडकं अलगद फिरवतो. इमारतीतले लोक विचारतात, सार, एवढा डाग राहिला कसा, कंपाउंड मारा ना. मी हो म्हणतो. पण तो डाग मुलीच्या बोटाचा आहे. गेल्या वर्षी तिच्या आईचं बोट पुढं होतं, कुंकू लागलेलं होतं, आणि पुन्हा लावूं का असं ती मला विचारत होती.

मुलीला खरं सांगायचं मी दोनदा ठरवलं. एकदा फोन लावूनही ठेवून दिला. आई समाधानानं गेली असं ती धरून चालली आहे, आणि तिचा तो विश्वास माझ्या एका खोट्या 'हो'वर उभा आहे. म्हणून मी हे मराठीत लिहिलं. तिला वाचता येत नाही, आणि येत नाही तेही माझ्यामुळंच.